कच्छच्या आखाताकाठी जायचंय, पण बर्ड फ्लूचं काय? (परभणीहून)

दुधनाकाठ | 21 जानेवारी 2025

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत परभणीहून जामनगरकडे जायचं चाललंय. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र तिकडं सिक्क्याजवळ किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहतो. गाव मच्छीमारांचं आणि समोरच्या पाण्यात मरीन नॅशनल पार्क. नराराला ओहोटीत समुद्राच्या तळावरून चालत फिरायचं, खिजडियाला पक्षी बघायचे, जमलं तर द्वारका करून परत. रामेश्वरम-ओखा गाडी आपल्या दारावरून जाते, आठवड्यातून एकदाच का होईना, त्यामुळे मध्ये गाडी बदलायची कटकट नाही. सोबत मुलगा (सहा वर्षं, त्याला फुगणारा मासा बघायचाय, बाकी जगाशी देणंघेणं नाही) आणि सासरे. आबांचं वय 71, शुगर आहे, दोन वर्षांखाली न्यूमोनिया होऊन गेला.

सगळं ठरत आलं होतं आणि उदगीरला कावळे मेले. सासूबाईंनी टीव्हीवर बघितलं आणि म्हणाल्या, "लोक पक्ष्यायपासून पळूलालेत आन तुम्ही तिकीट काढून पक्ष्यायपाशी चाललाव." त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही. अशा वेळी पक्षी अभयारण्यात जाणं खरंच धोक्याचं आहे का? तिकडं कुणी गेलंय का? आबांना न्यावं की नाही? कृपया भीती घालू नका आणि "काही होत नाही" असंही म्हणू नका.

हुरडापार्टी | 21 जानेवारी

जावा की बिनधास्त. उदगीरचे कावळे काही जामनगरला जाऊन आले नव्हते. घरीच होते बिचारे.

गोदाकाठचा | 21 जानेवारी

खिजडियाला मी हिवाळ्यात गेलोय. जागा अफलातून आहे. संस्थानी काळात समुद्राचं खारं पाणी अडवायला बांध घातले, त्यामुळे बांधाच्या एका अंगाला पावसाचं गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खाजण, म्हणजे खारी दलदल. दोन्ही जातीचे पक्षी एकाच वाटेवरून दिसतात. डावीकडं बदकं, उजवीकडं रोहित. कांड्या करकोचे संध्याकाळी उतरतात तेव्हा आधी आवाज येतो, मग आभाळात रेघ दिसते. 2022 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं. जामनगरपासून बारा-एक किलोमीटर, रिक्षासुद्धा जाते. नुसता पसारा बघायचा असेल तर आपल्या जायकवाडीला नाथसागर आहेच, पण तिथं समुद्र कुठून आणणार?

आता फ्लूचं. जंगली पाणपक्ष्यांत हा विषाणू असतो हे खरं आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. 2021 च्या जानेवारीत हिमाचलात पोंग धरणावर हजारो पक्षी मेले, बहुतेक पट्टकादंब. तो एच5एन1च होता, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू. पण तुम्ही पक्षी बघणार ते दुर्बिणीतून, लांबून. विषाणू असतो विष्ठेत आणि नाकातोंडाच्या स्रावात. लांबून उडणाऱ्या करकोच्याकडून तुमच्यापर्यंत काही येत नाही. मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, पोराला पीस उचलू द्यायचं नाही, फॉरेस्टवाल्याला सांगायचं. परत आल्यावर बुटांचे तळवे धुवायचे. संपलं.

एक करा, निघायच्या आधी अभयारण्यात फोन लावून विचारा. साथ निघाली तर ते लोक स्वतःच गेट बंद करतात.

मन्याड | 21 जानेवारी

पंधरा दिवसांखाली तो सर्दीखोकल्याचा एचएमपीव्ही होता, आता बर्ड फ्लू. आधीचा कुठं गेला? चॅनेलवाल्यांना रोज एक विषाणू लागतो. जाऊन या ताई. घरात बसूनही माणूस आजारी पडतोच.

पशुवैद्य_लातूर | 21 जानेवारी

मन्याड, एचएमपीव्ही कुठंच गेला नाही, आधीपासून आहे आणि राहील. त्याचा आणि याचा काडीचा संबंध नाही.

उदगीरबद्दल थोडं सांगतो, कारण सकाळपासून फोन घेऊन घेऊन कान तापलाय. शहरातल्या बागांत पन्नासच्या आसपास कावळे मेले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि एच5एन1 निघाला. कावळा हा विषाणू हिमालयापलीकडून आणत नाही, तो उकिरड्यावर उचलतो. कुणीतरी मेलेली कोंबडी पोत्यात घालून नाल्यात टाकतो, कावळा ती खातो, आणि कावळे रात्री शेकड्यांनी एका झाडावर बसतात. पुढचं तुम्हीच समजा. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं गेले. ते तर पक्षी बघायला गेले नव्हते! खाण्यातून गेला असावा असाच संशय आहे.

म्हणून दुधनाकाठ ताई, भीती कशाची धरायची ते नीट ठरवा. उडणाऱ्या रोहितापेक्षा बाजारातला जिवंत कोंबड्यांचा पिंजरा, कत्तलीची जागा, आजारी कोंबडीची पिसं काढणं ही कितीतरी जास्त जोखमीची कामं. तिकडं गावात गेल्यावर पोराला कुणाच्या अंगणातल्या कोंबड्यांमागं पळू देऊ नका. आणि चिकन-अंडं नीट शिजवून खा. 70 अंशाला विषाणू मरतो आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो. हाफ फ्राय तेवढं काही दिवस विसरा.

कोंबडीवाला | 22 जानेवारी

सरांचं सगळं बरोबर, पण पोत्यात घालून टाकणाऱ्यावर एक शब्द बोलतो, कारण मी त्या धंद्यातला आहे.

2021 च्या जानेवारीत आपल्या परभणीजवळ मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. आमचं शेड तिथून लांब, दहा किलोमीटरच्या निगराणी पट्ट्याच्याही बाहेर. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे, हा नियम. नियम बरोबर आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आमचा एकही पक्षी आजारी नसताना आम्ही मेलो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोंबडीचा फोटो आणि खाली लाल अक्षरं. व्यापारी गाडी घेऊन यायचा बंद झाला. खाद्याची उधारी तर थांबत नाही, पक्षी रोज खातोच. पंचेचाळीस दिवसांचा पक्षी साठ दिवस सांभाळला आणि शेवटी गावात फुकट वाटायला काढला, तर लोक फुकटही घेईनात. बँकेचा हप्ता अजून चालूय.

आता सांगा, ज्याच्या शेडमध्ये सकाळी दहा पक्षी मेलेले निघतात, तो फोन करील का? खबर दिली तर शेड रिकामं, नाही दिली तर पोतं. नुकसानभरपाई मिळते, पण ती मारलेल्या पक्ष्यांची मिळते. खबर द्यायच्या आधी मेलेल्यांची आणि भाव पडल्याची कोण देणार? मी पोत्याचं समर्थन करत नाही. पण पोतं कुठून येतं ते सांगितलं.

पशुवैद्य_लातूर | 22 जानेवारी

कोंबडीवाला भाऊ, याला उत्तर नाही माझ्याकडं. खरंच नाही. एवढंच म्हणतो की लवकर खबर दिली तर जिवंत पक्ष्यांचे तरी पैसे हातात येतात.

कापूसकोंड्या | 22 जानेवारी

काल रात्री बायकोनं अंडाकरी केली. मी विचारलं, 70 अंशाला शिजवली का? आज सकाळी नुसता चहा मिळाला, तोही गार.

ओपीडी_नंतर | 22 जानेवारी

उशिरा येतोय, दवाखान्यात गर्दी आहे. कशाची? फ्लूची. पण माणसांच्या फ्लूची. या धाग्यावर सगळे कावळ्यांबद्दल बोलतायत आणि मूळ गोष्ट कुणी काढलीच नाही.

दुधनाकाठ ताई, तुमच्या आबांना धोका खिजडियात कमी आणि एस-5 डब्यात जास्त आहे. एच5एन1 माणसाला होतो तेव्हा भयंकर असतो, 2003 पासून जगभरात साडेनऊशेच्या आसपास लोकांना झाल्याची नोंद आहे आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. आपल्या देशातला पहिला मृत्यू 2021 मध्ये दिल्लीत, एका लहान मुलाचा. पण बावीस वर्षांत साडेनऊशे, हेही त्याच वाक्यात वाचा. माणसातून माणसात तो अजून सहज जात नाही. या उलट नेहमीचा इन्फ्लुएंझा. आपल्याकडं त्याचे दोन हंगाम: जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात, पावसाळा सरताना. म्हणजे तुम्ही नेमक्या हंगामात, दिवसरात्र बंद डब्यात, दीड फुटावर खोकणाऱ्या माणसांसोबत बसणार. आबांचं वय, शुगर आणि मागचा न्यूमोनिया. फ्लू अशाच माणसांना शोधत येतो. 2009 ला पुण्यात ज्या स्वाइन फ्लूनं तोंडचं पाणी पळालं होतं, तोच एच1एन1 आता दरवर्षीच्या पाहुण्यांत बसलाय.

काय करायचं ते सांगतो.

आबांना आणि मुलाला फ्लूची लस द्या. अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आज-उद्याच. लस दरवर्षीची वेगळी असते, गेल्या वर्षी घेतली होती हे चालत नाही. मुलगा नऊ वर्षांच्या आतला आहे आणि पहिल्यांदाच घेत असेल तर त्याला चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. आबांसाठी न्यूमोनियाच्या लसीचंही तुमच्या डॉक्टरांना विचारा. फ्लूची लस बर्ड फ्लूवर चालत नाही, तेवढा गैरसमज नको.

प्रवासात ताप-खोकला-अंगदुखी एकदम सुरू झाली तर आबांच्या बाबतीत "बघू दोन दिवस" करू नका. ओसेल्टामिविर नावाचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच, स्वतःच्या मनानं नाही. मुलाला पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, ओठ निळसर, यातलं काही दिसलं तर गाव सोडून थेट जामनगर गाठा, तिथं मोठं सरकारी रुग्णालय आहे. अँटिबायोटिकची पाकिटं मात्र घरीच ठेवा, विषाणूला त्यांचं काही वाटत नाही.

मन्याड | 22 जानेवारी

डॉक्टरसाहेब, माझ्या मामांनी लस घेतली आणि आठवड्यात तापानं फणफणले. मग काय म्हणायचं?

ओपीडी_नंतर | 22 जानेवारी

म्हणायचं की लस लागू व्हायच्या आधीच गाठलं, किंवा दुसराच कुठला विषाणू होता. सर्दीतापाचे विषाणू ढीगभर आहेत. टोचायच्या लसीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यानं फ्लू होत नाही. दिवसभर हात दुखतो, कधी कणकण येते. लस शंभर टक्के अडवते असं कुणीच म्हणत नाही. कधी कधी अर्ध्यावरच काम होतं. पण अतिदक्षता विभागात जायची वेळ कमी येते, आणि 71 व्या वर्षी मला तरी तेवढंच हवंय.

मन्याड | 22 जानेवारी

पटलं असं नाही, पण मामांना विचारतो लस कधी घेतली होती.

नागनाथकर | 22 जानेवारी

द्वारका करणार म्हणजे नागेश्वरलाही जाणार, हे ओघानं आलंच. परभणीचा माणूस औंढा नागनाथाच्या अंगणात राहून ज्योतिर्लिंगासाठी गुजरातला जातो हे बघून डोळे पाणावले. नामदेवांसाठी देऊळ फिरलं ते आमचं. द्वारकेला नुसती टूर फिरते.

हुरडापार्टी | 22 जानेवारी

आलं औंढा! मी वाटच बघत होतो.

गोदाकाठचा | 22 जानेवारी

"नागेशं दारुकावने" म्हटलंय. दारुकावन कुठलं ते ठरवा आधी. उत्तराखंडवाले जागेश्वर म्हणतात, गुजरातवाले द्वारका. तिघंही आपापल्या झाडांकडं बोट दाखवतात.

नागनाथकर | 22 जानेवारी

झाडं आमच्याकडं राहिली नाहीत, पण बोट आहे.

बिनपाण्याचा | 23 जानेवारी

अवांतर थांबवून एक प्रामाणिक प्रश्न. ओहोटीत समुद्राच्या तळावरून चालत जायचं म्हणजे पाणी खरंच निघून जातं? आणि परत येतं? मी लातूरचा. आमच्याकडं गेलेलं पाणी पुढच्या मृगातच परत येतं. 2016 ला तर मिरजेहून रेल्वेत बसून यावं लागलं होतं त्याला.

गोदाकाठचा | 23 जानेवारी

हा हा. येतं हो, दिवसातून दोनदा. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भरपूर, कोकणापेक्षाही जास्त. आखात आत निमुळतं होत जातं म्हणून पाणी कोंडून चढतं. ओहोटीत किनारा इतका लांब सरकतो की समुद्र कुठाय असं विचारावं लागतं. नराराला त्या उघड्या पडलेल्या खडकांवर आणि डबक्यांत प्रवाळ, समुद्रफुलं, खेकडे, समुद्री काकडी, नशीब असलं तर ऑक्टोपस दिसतो. आणि छोट्यांसाठी खास: फुगणारा मासा.

पण दोन गोष्टी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढंमागं उधाणाची ओहोटी असते, तेव्हाच पाणी खूप मागं हटतं. अष्टमीच्या सुमाराला गेलात तर गुडघाभर चिखल बघून परत याल. येत्या 12 फेब्रुवारीला पौर्णिमा आहे आणि 27 ला अमावास्या. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, म्हणून आधी वेळापत्रक बघायचं आणि गाडीवाल्याला त्याप्रमाणं बोलवायचं. दुसरं, जुने बूट, मागं पट्टा असलेले. चपला चिखलात राहतात आणि प्रवाळानं पाय फाटतो. वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्रं सगळ्यांची ठेवा. गाईड गावातलाच घ्या. आणि पोराला फुगवलेला मासा हातात घेऊ देऊ नका. मासा भीतीनं फुगतो, पुन्हा पुन्हा फुगवला तर थकतो, मरूही शकतो. काही गाईड फोटोसाठी फुगवून दाखवतात, त्यांना नको म्हणा.

1982 मध्ये जाहीर झालेलं देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. बेटं बेचाळीस. आणि बाजूलाच तेलाच्या रिफायनऱ्या, जहाजांचे धक्के. पायाखाली प्रवाळ आणि समोर टँकर, असं ते दृश्य. लोक तो टँकर फोटोतून कापतात. मी मुद्दाम ठेवला.

तेरणा | 23 जानेवारी

मी त्या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहिले आहे, म्हणून उलट बाजूनं बोलते. गावाचं नाव घेत नाही.

इथं सगळ्यांचा प्रश्न हा, की तिथून आपण काय घेऊन येऊ. पण आपण तिथं काय घेऊन जातो? त्या किनाऱ्यावर वाघेर मच्छीमारांची वस्ती आहे. काही होडीवाले, काही पगडिया, म्हणजे ओहोटीत पायी जाऊन चिखलात जाळी रोवणारे. बायका निवडायला, वाळवायला बसतात. एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात. एका हिवाळ्यात शहरातला एक मोठा ग्रुप आला, त्यातले दोघंतिघं खोकत होते. "एसीनं झालंय" म्हणाले. ज्या घरात जेवले, त्या घरात तीन दिवसांनी ताप. मग शेजारी. मग शाळा अर्धी रिकामी. जाळ्यावर न गेलेल्या दिवसाचे पैसे कोण देतो? घरातल्या म्हाताऱ्या दादीमाला रिक्षातून जामनगरला न्यावं लागलं. वाचल्या, पण घराला मोठं कर्ज झालं. तो फ्लूच होता की आणखी काही, तपासणी कुणी केली नाही, आणि तो ग्रुपनंच आणला हेही मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तारखा माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

तिकडचे लोक पाहुण्याला "आज येऊ नका" म्हणत नाहीत. म्हणायची पद्धतच नाही. तुम्हाला ताप असला तरी रोटलो वाढतील. म्हणून ते आपणच म्हणायचं असतं.

ओपीडी_नंतर | 23 जानेवारी

तेरणा ताईंना अनुमोदन. फ्लूची लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं येतात, आणि लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. पुढं पाच-सात दिवस. म्हणून "गाडीत बसताना ठीक होतो" याला फार अर्थ नाही. तिकीट रद्द करायला जीवावर येतं, मलाही येतं. पण निघायच्या दिवशी घरात कुणी तापलेलं असेल तर उंबरा ओलांडू नका.

जुनी_वही | 23 जानेवारी

रेल्वे आणि फ्लू हा जुना जोडा आहे. 1918 च्या जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेनं देशभर गेला. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट खरी जीवघेणी. हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं गेली, नेमका आकडा आजही अभ्यासक भांडून ठरवतात. आपल्याकडं त्याला मानमोडी म्हणत. आमच्या आजी त्यांच्या सासूकडून ऐकलेलं सांगायच्या: आधी मानमोडी स्टेशनाजवळच्या गावांत आली, मग बाजाराच्या दिवशी आत आली. तेव्हा निजामाची मनमाड-हैदराबाद मीटरगेज होती. दुधनाकाठ ज्या रुळांवरून ओख्याला निघणार आहेत, मार्ग साधारण तोच. शिवाय त्याच साली पाऊस दगा देऊन गेला होता. उपाशी माणसाला ताप जास्त झोडपतो. सरण रचायला लाकडं पुरत नव्हती असं आजी म्हणायच्या, आणि एवढं बोलून विषय बदलायच्या.

कापूसकोंड्या | 23 जानेवारी

जुनी_वही, रात्री अकरा वाजता हे वाचायला लावलंत. आता झोप यायची नाही.

दुधनाकाठ | 25 जानेवारी

सगळ्यांचे आभार. दोन दिवस इकडं फिरकले नाही कारण दवाखाना झाला. आबांना लस दिली, न्यूमोनियाची डॉक्टर पुढच्या खेपेला देणार म्हणाले. मुलाला पहिला डोस दिला. रडला नाही, पण "मासा फुगवायचा नाही" हे ऐकून रडला.

तारखेचा पेच आहे. 12 च्या पौर्णिमेला जावं तर लस लागू व्हायला वेळ जेमतेम. 27 च्या अमावास्येला जावं तर मुलाचा दुसरा डोसही होईल. पण 26 ला महाशिवरात्र, म्हणजे द्वारका-नागेश्वरकडं जत्रा. मार्चवर ढकलावं तर शाळेच्या परीक्षा आणि पक्षी निघून गेलेले. काय करू?

आणि तेरणा ताई, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं मित्राला फोन केला, तर त्याच्या घरमालकीण म्हणजे अशाच एक म्हाताऱ्या बाई निघाल्या, दम्याच्या. आता मुक्काम जामनगरला लॉजवर आणि गावात दिवसा जाऊन यायचं, अंगणात बसायचं, असं ठरलंय. मित्र नाराज झाला. होऊ दे.

ओपीडी_नंतर | 25 जानेवारी

27 बरं. मुलाचा दुसरा डोस 22 ला होईल आणि आबांच्या लसीला महिना होईल. फक्त जत्रा टाळा. नागेश्वरला महाशिवरात्रीच्या रांगेत आबांना तीन तास उभं करणं म्हणजे लसीचे पैसे पाण्यात. गाडीत आबांना खिडकीजवळ बसवा, मास्क ठेवा, विशेषतः शेजारी कुणी खोकत असेल तेव्हा.

नागनाथकर | 25 जानेवारी

नागेश्वर टाळा, डॉक्टर स्वतः म्हणतायत. परत आल्यावर औंढ्याला या. गर्दी ओसरलेली असते, मी स्वतः दर्शन घडवतो. विज्ञान आमच्या बाजूनं आहे.

गोदाकाठचा | 25 जानेवारी

27 लाच जा. अमावास्येची ओहोटी, आणि करकोचे बहुधा असतील अजून. परतीच्या तयारीत असतात ते.

कोंबडीवाला | 26 जानेवारी

ताई, गाडीत काय नेणार खायला? उकडलेली अंडी न्या. पूर्ण उकडलेली. आमच्याकडून.

दुधनाकाठ | 26 जानेवारी

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ठरलीय, पण अंडी तुमच्याकडूनच घेते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. नागनाथकर दादा, तुम्ही जिंकलात, नागेश्वर रद्द.

एक नवीनच झालंय. हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला, कावळ्यांपासून दादीमापर्यंत. त्या सगळं ऐकून गप्प बसल्या आणि संध्याकाळी म्हणाल्या, "मंग मलाबी टोचून आना. मी काय इथं एकटीच ऱ्हाऊ?" आज त्यांनाही लस दिली.

मन्याड | 26 जानेवारी

मामांना विचारलं. लस घेतल्याच्या चौथ्या दिवशी ताप आला होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी लग्नात पंगतीला होते. डॉक्टरसाहेब, हे तुमच्या बाजूनं मोजा.

हुरडापार्टी | 26 जानेवारी

नोंद घेण्यात आली, मन्याड. ताई, जामनगरची सुकी कचोरी आणा, टिकते पुष्कळ. आणि आबांना लोअर बर्थ मिळाला का?

दुधनाकाठ | 26 जानेवारी

मिळाला. पण सासूबाईंना तिकीट वेगळं काढावं लागलं आणि त्यांना अप्पर बर्थ आलाय. त्या वर कशा चढणार, यासाठी दुसरा धागा काढते.